यकृतातल्या चरबीचा आकडा आणि त्याचा अर्थ

अंबरनाथ पूर्वेतल्या सोनोग्राफी सेंटरवर माणूस जातो तो मुतखड्याच्या शंकेने, पोट फुगतं म्हणून, नाहीतर एमआयडीसीतल्या कंपनीने वार्षिक तपासणी लावली म्हणून. रिपोर्ट हातात येतो तेव्हा मूळ तक्रारीचं काही निघो न निघो, खालच्या ओळींत बऱ्याचदा ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं लिहिलेलं असतं. काही जण घाबरतात, काही जण ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद फाइलला लावून टाकतात. हा ग्रेड डोळ्यांनी ठरवलेला असतो. यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती पांढरं दिसतं, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा किती पुसट झाल्या आहेत, यावरून डॉक्टरांनी बांधलेला तो अंदाज. यकृतात नेमकी किती टक्के चरबी आहे हे सुई न टोचता सांगणारं साधन गेल्या वीसेक वर्षांत तयार झालं, ते म्हणजे एमआरआय. हे मोजमाप कुठवर पोचलं, त्याबद्दल कोणाचं काय म्हणणं आहे आणि कुठे अडलं आहे, ते इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. मोजण्याचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. मोजून आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. आणि अंगाने बारीक पण आतून चरबी बाळगणाऱ्या आपल्या लोकांच्या बाबतीत तर तो अजून नीट विचारलाही गेलेला नाही.

सुईचा काळ

दारूला न शिवणाऱ्यांच्या यकृतातही दारू पिणाऱ्यांसारखीच चरबी आणि सूज आढळते, हे १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि सहकाऱ्यांनी नीट मांडलं आणि या आजाराला नाव दिलं. त्यांचा पुरावा होता बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेला यकृताचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा. पुढची अनेक वर्षं हीच अंतिम कसोटी मानली गेली, आणि जळजळ, पेशींची सूज व फायब्रोसिस (यकृतात पडणारे चट्टे) एकाच वेळी दाखवणारी दुसरी तपासणी आजही नाही. पण चरबी मोजण्याचं साधन म्हणून बायोप्सीत दोन उणिवा आहेत. सुईत येणारा तुकडा साऱ्या यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या हिश्श्याएवढा असतो, आणि चरबी सगळीकडे सारखी पसरलेली असतेच असं नाही. दुसरी उणीव जास्त महत्त्वाची, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पॅथॉलॉजिस्ट किती टक्के पेशींत चरबीचे थेंब दिसतात ते पाहतो. थेंब केवढे आहेत, एकूण चरबी किती, हे मोजत नाही. पाच टक्क्यांखाली नॉर्मल, पाच ते तेहतीस पहिला ग्रेड, सहासष्टपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा, अशी ही प्रतवारी आहे. पहिल्याच ग्रेडमध्ये सहा टक्केवालाही बसतो आणि तीस टक्केवालाही. सहा महिने चालून, जेवण सांभाळून एखाद्याने यकृतातली चरबी अर्धी केली, तरी त्याचा ग्रेड तोच राहू शकतो.

सोनोग्राफीची अडचण वेगळी आहे. चरबी मध्यम ते जास्त असेल तेव्हा ती चांगलं काम करते; २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के तिने बरोबर ओळखले. पण चरबी वीस टक्क्यांच्या खाली असेल तर तिची नजर मंदावते, आणि बहुतेक माणसं नेमकी तिथेच असतात. शिवाय एकाच यकृताला दोन डॉक्टर दोन ग्रेड देऊ शकतात. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग आहे आणि थोडी चरबी त्यालाही नीट पकडता येत नाही.

मुंबईच्या रेल्वे वसाहती, पुण्याची बाळं

महाराष्ट्रात या प्रश्नाचा मागोवा घेताना पहिलं नाव येतं ते बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर यांचं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन रेल्वे वसाहतींतल्या ११६८ रहिवाशांचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेले रुग्ण न घेता वसाहतीतली सगळी माणसं घेतली, ही त्याची खरी किंमत. सोनोग्राफीवर वीस वर्षांवरच्या १८.९ टक्के लोकांच्या यकृतात चरबी आढळली, पुरुषांत २४.६, स्त्रियांत १३.६ टक्के. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईतल्या रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. अमरापूरकर गेले. अशा वस्तीपातळीवरच्या कामाला वाहून घेणारी माणसं थोडी असतात, म्हणून ही हळहळ इथे नोंदवावीशी वाटते. पुढे २०२२ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला प्रौढांचा आकडा ३८.६ टक्के आला. पंधरा वर्षांत आजार दुप्पट झाला असा निष्कर्ष यातून लगेच काढता येणार नाही. पद्धती वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, काही अभ्यासांत रुग्णालयात आलेलेच लोक. आजार वाढला असणार हे खरंच, पण किती वाढला ते सांगण्याएवढी आपली मोजपट्टी एकसारखी नाही.

दुसरा धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयातून येतो. १९९३ साली पुण्याजवळच्या गावांत सुरू झालेल्या गर्भवतींच्या अभ्यासातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं असतं. पण आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव जेवढे लहान, तेवढी त्वचेखालची चरबी कमी नसते. २००४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. ते मोजमाप डेक्सा यंत्राचं होतं. शरीरात एकूण चरबी किती हे ते सांगतं, ती यकृतात शिरली आहे का हे सांगत नाही. तो दुवा दोन वर्षांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून मिळाला. तिथे चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीने सडपातळ तरुणांची यकृतं तपासली, तेव्हा भारतीय वंशाच्या पुरुषांच्या यकृतात गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट चरबी निघाली. २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ग्रामीण पाहणीतही फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या खाली होता. लोकलच्या दारात लटकणारा, पाहताक्षणी ‘काटक’ वाटणारा पस्तिशीचा माणूस या नकाशावर नेमका कुठे बसतो, हे वजनकाट्यावरून कळणार नाही.

एमआरआय चरबी कशी मोजतो

शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे, चरबीतही आहे. एमआरआयच्या चुंबकात हायड्रोजनची अणुकेंद्रं ठरावीक वेगाने फिरतात; नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख वेळा. चरबीतल्या हायड्रोजनचा वेग पाण्यातल्यापेक्षा किंचित कमी असतो, सेकंदाला साधारण २२० फेऱ्यांनी. एवढ्याशा फरकावर सगळी इमारत उभी आहे. भजनात दोन टाळकरी एकत्र सुरू झाले आणि एकाची लय जराशी मागे पडत गेली, तर काही वेळाने त्यांचे टाळ उलटसुलट पडतात आणि पुन्हा कधीतरी एकत्र येतात, तसंच इथे होतं. २.३ मिलिसेकंदांनी पाणी आणि चरबीचे संकेत एकमेकांविरुद्ध जातात आणि वजा होतात, ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा एका लयीत येतात आणि त्यांची बेरीज होते. दोन्ही क्षणी चित्र घेतलं की पाणी वेगळं आणि चरबी वेगळी काढता येते. ही युक्ती १९८४ साली थॉमस डिक्सन यांनी मांडली. पण तिच्यावरून विश्वासार्ह टक्केवारी निघायला आणखी दोन दशकं लागली, कारण वाटेत अनेक खड्डे होते. चरबीचा संकेत पाण्यापेक्षा लवकर सावरतो, त्यामुळे ती खऱ्यापेक्षा जास्त भासते. चरबीला एकच वारंवारता नसते, अनेक असतात. आणि संकेत वेळेबरोबर विरत जातो, विशेषतः यकृतात लोह साठलेलं असेल तर.

हा लोहाचा मुद्दा आपल्या भागात पुस्तकी राहत नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून अंबरनाथशेजारचं उल्हासनगर वसलं, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांना आयुष्यभर रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातलं लोह यकृतात साठतं. अशा यकृतावर जुनी दोन चित्रांची पद्धत वापरली, तर दुसऱ्या क्षणाचा संकेत लोहामुळे आधीच क्षीण झालेला असतो आणि असलेली चरबीही दिसत नाही. नव्या पद्धतीत एकदा श्वास रोखून, सुमारे वीस सेकंदांत, सहा किंवा अधिक क्षणांची चित्रं घेतात आणि गणिताने चरबी, पाणी आणि संकेत विरण्याचा वेग असं तिन्ही एकत्र सोडवतात. त्यातून लोहाचा अंदाजही मिळतो. लोह फारच जास्त असेल, तर मात्र पहिलं चित्र घेण्याआधीच संकेत संपतो आणि हे गणितही हात टेकतं. या सुधारित टक्केवारीला प्रोटॉन डेन्सिटी फॅट फ्रॅक्शन, थोडक्यात पीडीएफएफ, म्हणतात.

हा आकडा किती स्थिर आहे? २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं, तेव्हा स्पेक्ट्रोस्कोपीशी त्याचा मेळ उत्तम निघाला. त्याच माणसाला त्याच यंत्रात पुन्हा घातलं तर फरक साधारण तीन टक्के-बिंदूंच्या आत राहतो, वेगवेगळ्या यंत्रांत सुमारे चारच्या आत. याचे दोन अर्थ निघतात. शंभर जणांच्या गटाची सरासरी १५ वरून १२ वर आली, तर तो बदल विश्वासाने मांडता येतो. पण एकाच माणसाचा आकडा यंदा साडेसात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या सेंटरवर साडेपाच आला, तर ‘चरबी कमी झाली’ म्हणून पेढे वाटण्याइतका आधार त्यात नाही.

बाजू कोणकोणत्या

पहिली बाजू म्हणते की चरबीपुरता तरी एमआरआयच आता मापदंड मानावा. औषधांच्या चाचण्यांनी या म्हणण्याला बळ दिलं. चरबी मूळच्या आकड्याच्या तीस टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर बायोप्सीतही सुधारणा दिसण्याची शक्यता बरीच वाढते, असं अनेक चाचण्यांतून आढळलं. भारतीय कंपनीने शोधलेल्या सारोग्लिटाझार या औषधाच्या अमेरिकेतल्या चाचणीतही ही मोजपट्टी वापरली गेली. चार मिलिग्रॅमच्या गटात यकृतातली चरबी सरासरी १९.७ टक्क्यांनी घटली, तर नकली गोळीच्या गटात ४.१ टक्क्यांनी वाढली. २०२० मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी या आजारासाठी त्याला परवानगी दिली होतीच. दर काही महिन्यांनी माणसांच्या यकृतात सुई घालून अशी चाचणी करणं अवघड आणि नैतिकदृष्ट्याही खटकणारं आहे. म्हणून संशोधनातलं एमआरआयचं स्थान आता वादाच्या पलीकडे गेलं आहे, असं मला वाटतं.

दुसरी बाजू यकृततज्ज्ञांची आणि पॅथॉलॉजिस्टांची. त्यांचा आक्षेप मोजमापावर नाही, मोजल्या जाणाऱ्या गोष्टीवर आहे. रुग्ण पुढे किती जगेल, त्याला सिरोसिस होईल का, हे ठरवण्यात फायब्रोसिसचा वाटा सगळ्यांत मोठा, हे २०१५ पासूनच्या दीर्घकालीन अभ्यासांनी दाखवलं आहे. चरबीचा वाटा त्यामानाने लहान. उलट सिरोसिस बळावला की यकृतातली चरबी कमी होत जाते, म्हणजे चार टक्क्यांचा दिलासा देणारा आकडा एखाद्या सर्वांत आजारी माणसाचाही असू शकतो. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. त्यावर पहिल्या बाजूचं उत्तर असं की एमआरआयवरच इलास्टोग्राफी करून यकृताचा कडकपणाही मोजता येतो. १९९५ मध्ये मेयो क्लिनिकमध्येच राजा मुथुपिल्लई आणि सहकाऱ्यांनी ती पद्धत दाखवली. उत्तर बरोबर आहे, पण त्यासाठी वेगळं उपकरण लागतं आणि खर्च वाढतो.

तिसरी बाजू सार्वजनिक आरोग्याची, आणि बदलापूर-अंबरनाथसारख्या पट्ट्यात तिचं म्हणणं सर्वांत जास्त ऐकायला हवं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली. त्यात भर आहे तो आशाताईंनी भरायच्या प्रश्नावलीवर, कमरेच्या टेपवर आणि साध्या रक्ततपासण्यांवर. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून निघणारा फिब-४ हा निर्देशांक १.३ च्या खाली असेल, तर वाढलेल्या फायब्रोसिसची शक्यता फार कमी. वय सोडून बाकीचे तिन्ही आकडे कोणत्याही साध्या लॅबमध्ये मिळतात. एमआरआयला काही हजार रुपये लागतात, आणि यंत्र असलं तरी चरबी मोजण्याचं सॉफ्टवेअर निर्माता वेगळं विकतो, त्यामुळे ते प्रत्येक सेंटरवर असेलच असं नाही. कंपनीत कंत्राटावर असलेल्या कामगाराला हा आकडा कळून त्याच्या उपचारात काय फरक पडणार? सल्ला तोच राहील: वजन सात ते दहा टक्क्यांनी घटवा, दारू बंद करा, साखर आणि रक्तदाब सांभाळा. या दोन टोकांच्या मध्ये फायब्रोस्कॅन हे ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र आहे. त्यावर चरबीचा एक निर्देशांक मिळतो, तो एमआरआयइतका काटेकोर नाही, पण त्याच बैठकीत यकृताचा कडकपणाही कळतो. व्यक्तीच्या उपचारापुरतं बोलायचं तर तिसऱ्या बाजूचं पारडं आज जड आहे असंच मी म्हणेन. अपवाद यकृतदात्याचा. जिवंत माणसाच्या यकृताचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा असतो तेव्हा चरबी किती याचा अचूक आकडा दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो, आणि तिथे एमआरआयला काटकसरीच्या नावाखाली टाळणं चूक ठरेल.

अडलेले प्रश्न

सगळ्यांत मोठा अडलेला प्रश्न नॉर्मलच्या रेषेचा आहे. जगभर वापरला जाणारा ५.५६ टक्क्यांचा उंबरठा अमेरिकेतल्या डॅलस शहरात ठरला. तिथल्या मोठ्या अभ्यासातून लठ्ठपणा, मधुमेह, दारू, वाढलेले एन्झाइम यांपैकी काही नसलेले ३४५ लोक निवडले, आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांच्या यकृतात ज्याहून कमी चरबी होती तो आकडा सीमा म्हणून घेतला. तो समूह प्रामुख्याने गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचा होता. पुढे बायोप्सीशी ताडून पाहिलं तेव्हा ६.४ टक्के हाही उंबरठा सुचवला गेला. २०२३ मध्ये आजाराचं नाव बदलून नवी व्याख्या आली, तिच्यात आशियाई लोकांसाठी बीएमआयची सीमा २५ ऐवजी २३ ठेवली आहे. यकृतातल्या चरबीची सीमा मात्र सगळ्या वंशांसाठी एकच राहिली. ही विसंगती मला खटकते. बाहेरून दिसणाऱ्या चरबीसाठी आपण मान्य करतो की भारतीय शरीराला धोका लवकर सुरू होतो. मग आत लपलेल्या चरबीसाठी हा प्रश्न निदान तपासायला हवा.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे. हायड्रोजनला वंश नसतो. चरबीचे पाच टक्के पुण्यातही पाचच आणि डॅलसमध्येही पाचच. हे खरं आहे, आणि म्हणूनच मोजण्याच्या पद्धतीवर मला शंका नाही. पण उंबरठा ही मोजपट्टीवरची खूण नव्हे, तो धोक्याबद्दलचा निर्णय आहे. चार टक्के चरबी असलेल्या सडपातळ भारतीयाच्या रक्तातली साखर आणि इन्सुलिनचं काम दहा वर्षांनी कुठे असेल, हे पाहिल्याशिवाय तो निर्णय उसना घेता येत नाही. दुसरा प्रतिवाद अधिक सूक्ष्म आहे: धोका हळूहळू चढत जातो, मग रेषेचा अट्टहास कशाला? त्यात तथ्य आहे. तरी औषध कोणाला द्यायचं, पुढच्या तपासणीला कोणाला पाठवायचं, विमा कोणाला नाकारला जाणार, हे व्यवहारात रेषेवरूनच ठरतं. रेष नको म्हटल्याने ती नाहीशी होत नाही, दुसऱ्याने आखलेली वापरली जाते एवढंच. उलट बाजूची भीतीही खरी आहे. सीमा खाली आणली तर रातोरात लाखो निरोगी माणसं रुग्ण ठरतील आणि लिव्हर टॉनिक विकणाऱ्यांची चांदी होईल. म्हणून मी सीमा बदला म्हणत नाही. ती आपल्या लोकांवर तपासा, इतकंच म्हणतो.

दुसरा प्रश्न कारणाचा. एमआरआय चरबी किती ते सांगतो, ती दारूची, साखरेची, एखाद्या औषधाची की जनुकाची हे सांगत नाही. पीएनपीएलए३ या जनुकातल्या एका बदलामुळे यकृतात चरबी साठते, हे २००८ साली डॅलसच्याच अभ्यासातून कळलं. अशा माणसात चरबीचा आकडा आणि मधुमेहाचा धोका हातात हात घालून चालतीलच असं नाही. तिसरा प्रश्न मुलांचा. २०२२ च्या ज्या विश्लेषणात प्रौढांचा आकडा ३८.६ टक्के होता, त्यातच मुलांचा ३५.४ टक्के आहे, पण त्यामागचे बरेच अभ्यास लठ्ठ मुलांवरचे. शाळेत जाणाऱ्या साध्या मुलामुलींच्या यकृतात वयानुसार किती चरबी नॉर्मल मानायची, याचं उत्तर कुठल्याही देशाकडे पक्कं नाही.

यासाठी कोणता अभ्यास लागेल हे सांगणं त्यामानाने सोपं आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँकने २०१४ पासून २०२५ पर्यंत एक लाख लोकांचे एमआरआय काढले, त्यात यकृतातली चरबीही आहे, पण त्यांत भारतीय वंशाचे थोडे. आपल्याला लाख लागणार नाहीत. अमरापूरकरांनी घेतली तशी एक पूर्ण वस्ती लागेल, तीत कंपनीतला शिफ्टचा कामगार, दुकानात दिवसभर बसणारा व्यापारी, घरकाम करणारी बाई, बदलापूरहून रोज दीड तास लोकलमध्ये उभं राहणारा कारकून असे सगळे यायला हवेत. प्रत्येकाचं पीडीएफएफ एकदा, फायब्रोस्कॅन आणि रक्त दर काही वर्षांनी, आणि माणसं न गमावता निदान दहा वर्षं पाठपुरावा. थॅलेसेमियाचा वाहक कोण आहे याचीही नोंद सुरुवातीलाच करावी लागेल. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत अंबरनाथचं आहे. शिकवणारे आणि शिकणारे डॉक्टर असलेली सरकारी संस्था या पट्ट्याच्या उशाशीच आली आहे. खर्चाचा मोठा भाग एमआरआयच्या वेळेचा असेल. पूर्ण पोटाचा स्कॅन सोडून फक्त चरबीची चित्रं घेतली, तर माणूस आत जाऊन बाहेर येण्याचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं, आणि रात्री रिकाम्या असलेल्या यंत्रावर ते बसवता येतं.